डावखुऱ्या कात्रीची कैफियत

मित्रांनो, मी बालवर्गातली एक जुनी कात्री आहे. टोक गोल, धार बेताची, मुठी हिरव्या. आजवर मी कुणाचे बोट कापलेले नाही. माझ्यावर ठपका आहे तो असा, की मी कागदही कापत नाही.

कारखान्यात माझ्या बहिणी उजव्या हातासाठी घडल्या. मला मात्र मुद्दाम उलटी जुळवली. त्यांचे वरचे पाते उजवीकडे, माझे डावीकडे. डाव्या हाताने चालवाल तर मी सरसर कापते. उजव्या हातात गेले, की माझी पाती फाकतात आणि कागद मधल्या मध्ये दुमडून बसतो.

मला आणले मोठ्या बाईंनी. त्या स्वतः डावखुऱ्या. वर्गात एखादे डावखुरे मूल आले, की मला त्याच्या हातात ठेवून म्हणायच्या, "घे, ही आपल्या पार्टीतली!" नाताळ जवळ आला, की मला उसंत नसे. कागदी साखळ्या, घंटा, झाडावरच्या चांदण्या! तेव्हा माझेही कौतुक होते, मित्रांनो.

मग मोठ्या बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी डिंकाच्या बाटल्यांपासून बाहुल्यांपर्यंत सगळे नव्या बाईंना समजावून दिले. माझ्याबद्दल सांगायचे तेवढे राहून गेले. निरोपाच्या दिवशी माणसाला आयुष्याचा अर्थ आठवतो, कात्री आठवत नाही.

नव्या बाई वाईट नव्हत्या. उत्साही होत्या, आणि उत्साहाला घाई असते. त्यांनी मला उजव्या हातात धरले, एकदाच चालवून पाहिले आणि म्हणाल्या, "ही मेली चावते, कापत नाही!" मोडक्या खडूंच्या डब्यात माझी रवानगी झाली. नाचता येईना अंगण वाकडे, असे लोक म्हणतात. अंगणाचे म्हणणे कुणी विचारत नाही.

यंदाच्या नाताळात मुलांना नाताळबाबाच्या चित्राला कापसाची दाढी चिकटवायची होती आणि घोटीव कागदाची चांदणी कापायची होती. बाईंनी जाहीर केले, "ज्याला चांदणी स्वतः कापता येईल, तो वरच्या वर्गात!" शिक्षण इतके सोपे झालेले पाहून डब्यातल्या खडूंनाही गहिवरून आले.

वर्गात एक मुलगी होती. गाल फुगवून बसायची म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत. तिने कात्री डाव्या हातात घेतली, की बाई ती काढून उजव्या हातात देत. "शहाण्या हातानं धरायचं, राणी." खारूताईच्या चांदण्या उंदराने कुरतडल्यासारख्या निघत. बाईंनी तिच्या बाबांना सांगितले, "मठ्ठ नाही हो, पण जरा मागे आहे. राहू दे अजून एक वर्ष इथंच." तिच्या सगळ्या मैत्रिणी मात्र वर जाणार होत्या.

दुसऱ्या दिवशी लाल खडू शोधताना तिचा हात मला लागला. डावा हात! किती वर्षांनी माझी पाती नीट मिटली म्हणून सांगू. पाच टोकांची, चोख चांदणी निघाली. खारूताई ती घेऊन धावतच बाईंकडे गेली.

"कुणी कापून दिली गं?"

"मी कापली."

"कशानं?"

तिने मला पुढे केले. बाईंनी मला उजव्या हातात घेतले, सगळ्यांसमोर चालवले. कागद दुमडला. "ही तर कापतच नाही! बरं, तू दाखव बघू." आणि मला तिच्या उजव्या हातात दिले. कागद पुन्हा दुमडला. मी काय करणार? मला पाती आहेत, जीभ नाही.

"खोटं बोलणाऱ्यांकडे नाताळबाबा येत नाही बरं का!"

तेवढ्यात खारूताईचे बाबा तिला न्यायला आले. ते गुडघ्यावर बसले. "खरं सांग, बाळा. मी रागावणार नाही. कुणी कापली?"

खारूताईने माझ्याकडे पाहिले, बाबांकडे पाहिले. मग दाराशी फरशी पुसणाऱ्या मावशींकडे बोट केले. "मावशींनी."

"अगं बाई, मी कधी?" मावशी म्हणाल्या.

"असू द्या मावशी, लाड पुरे आता," बाई हसल्या. "पण शाब्बास हं! खरं बोललीस की नाही शेवटी?"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाबांनी पाठ थोपटली. चांदणी सगळ्यांत सुबक होती, म्हणून नमुना म्हणून झाडाच्या शेंड्यावर लागली. वरच्या वर्गाचे पुढच्या वर्षी बघू, असे ठरले. खरे बोलल्याबद्दल बाईंनी चॉकलेट पुढे केले. खारूताईने ते घेतले. उजव्या हाताने.

मित्रांनो, मला धार लावा असे माझे म्हणणे नाही. एखादी वस्तू कापत नाही, एखादे मूल मागे आहे, असे म्हणण्याआधी एकदा हात बदलून पाहा, इतकेच. कात्रीचे काय, ती डब्यात पडून गंजते. मूल मात्र रोज काही ना काही शिकते. त्या दिवशी ते काय शिकले, ते तुम्ही पाहिलेच.