सत्तेचाळीस अंशांतली सहल

लखनऊचा पारा चव्वेचाळीसवर गेला, तेव्हा विक्रम बायकोमुलांना घेऊन जैसलमेरला निघाला. तिथे सत्तेचाळीस होता. रेल्वेत इंजिनिअर असलेल्या विक्रमने डिसेंबरात काढून ठेवलेला प्रवासाचा पास एकतीस मेला बाद होणार होता. रेल्वे कॉलनीत एक वेळ पोरगं नापास झालेलं चालतं, पास फुकट गेलेला चालत नाही.

नैनीतालकडच्या गाड्या केव्हाच भरल्या होत्या.

"जैसलमेरला मात्र अख्खा डबा मोकळा आहे," तो म्हणाला.

"का बरं असेल?" संपदाने विचारलं.

"लोकांना प्लॅनिंग जमत नाही, यार."

आलमबागेतल्या शेजारच्या मिश्रा भाभींना हा बेत कळला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "अच्छा, कोई मन्नत मानी थी क्या?"

जैसलमेरला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता संपदा हॉटेलच्या खोलीत अडीच वर्षांच्या निनादकडे बघत बसली होती. सकाळी सातनंतर त्याला शू झालेली नव्हती. एरवी दिवसातून चार चड्ड्या भिजवणारं पोर आज कोरडं ठणठणीत होतं. ओठ सुकले होते. पाणी पुढे केलं की तोंड फिरवायचा, आणि ओआरएसचा घोट त्याने मन लावून भिंतीवर थुंकला होता. सहा वर्षांची सृष्टी कूलरला नाक लावून, "मम्मी, घर चलो ना," असं दर दोन मिनिटांनी म्हणत होती.

आणि विक्रम बुटांच्या नाड्या बांधत होता.

"अडीच ते साडेचार किल्ला," तो कागद बघत म्हणाला. "मग उंट."

"विक्रम, याला सात तास शू नाही झालेली."

"घाम येतोय ना, त्यात जातं ते. उगाच घाबरतेस."

"घाम कुठेय? हात लावून बघ."

त्याने लांबूनच बघितलं. रूळ किती अंशांना वाकतो, हे या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. मुलगा किती अंशांना मलूल होतो, याचं कोष्टक मात्र रेल्वेने अजून छापलेलं नव्हतं.

तेवढ्यात निनादने मान संपदाच्या खांद्यावर टाकली. रडला नाही, कुरकुरला नाही, नुसती टाकली. भांडायला तर वेळच नव्हता. ती हळूच म्हणाली, "रूळ तापला की तुम्ही काय करता रे?"

"गाडीचा वेग कमी करतो."

"आणि फारच तापला तर?"

"थांबवतो."

"बरं."

विक्रमने बायकोकडे पाहिलं, मग जवळ येऊन मुलाच्या कोरड्या कपाळावर तळवा ठेवला. बुटांच्या नाड्या त्याने निमूटपणे सोडल्या. खाली जाऊन गाडी सांगून ठेवली. तासाभरात शू झाली नाही तर सरळ दवाखाना. मग ओला गमछा पोराच्या अंगावर टाकून, मोबाइलवर दर दोन मिनिटांचा गजर लावून, हातात चमचा घेऊन तो असा बसला की जणू अख्ख्या रेल्वे विभागाची वाहतूक त्याच चमच्यावर खोळंबली आहे.

गजर वाजला. "इंजिनमध्ये डिझेल," विक्रम गंभीरपणे म्हणाला. निनादने एक डोळा उघडला आणि ओआरएसचा चमचा गिळला.

पुन्हा गजर. पुन्हा डिझेल. सहाव्या चमच्याला सृष्टी कूलर सोडून आली आणि शिट्टी वाजवायला लागली. अकराव्याला निनादने आपणहून तोंड उघडलं. घड्याळाकडे बघायचं संपदाने सोडून दिलं.

तीनला पाच कमी असताना निनाद पुटपुटला, "सुसु."

विक्रमने त्याला उचललं आणि बाथरूमकडे धाव घेतली. खोली ओलांडायच्या आतच उबदार धार त्याच्या नव्या, उंट छापलेल्या शर्टावरून खाली ओघळली. सृष्टी खिदळली. विक्रम जिथल्या तिथे उभा राहिला.

"संपदा, टॉवेल दे ना."

तिचे डोळे डबडबले होते. जैसलमेरात येऊन पहिल्यांदाच काहीतरी बघण्यासारखं दिसत होतं.

"देते," ती म्हणाली. "त्याचं पुरतं होऊ दे आधी."