रविवारची आंघोळ

राजेंद्र वकिलाने गयाबाईला कोर्टाच्या पायरीवरच बजावलं होतं, आत तोंड उघडायचं नाही. चाळीस वर्षं ज्या तोंडाने अंबरनाथची अख्खी चाळ धाकात ठेवली, त्याला कुलूप घालणारा हा कालचा पोरगा कोण? तरी ती हो म्हणाली.

मारामारीच्या केसमध्ये तिच्या दोन्ही पोरांची नावं, मिलिंद आणि मुकेश, पोलिसांनी एकाच टोळीत लिहिली होती. जामीन मिळाला तो टोळीतल्या कुणाला भेटायचं नाही या अटीवर. आता टोळीतला माणूस म्हणजे सख्खा भाऊ. म्हणून मिलिंद वर्षभर बदलापूरला, कुळगावात भाड्याच्या खोलीत, आणि मुकेश घरी. इकडे बाप, भीमराव, अर्धांगाने आडवे. देह असा थोराड, की मोरीत न्यायला दोन गडी लागतात. तेवढी भावाभावांची अट काढा, एवढाच अर्ज होता.

सरकारी वकील सावकाश उठले. वर्षभर अट पाळली म्हणता, मग वर्षभर भीमरावांचं चाललंच की, ते म्हणाले. नसेल मिळाली आंघोळ, त्याने काय बिघडलं?

बिनआंघोळीचा नवरा, आणि तिच्या घरात! गयाबाई मागच्या बाकावरून उभी राहिली.

"ओ साहेब, घाण तुमच्या घरात असेल. आमचे मालक दर रविवारी न्हातात. दोन्ही पोरं धरून नेतात, पाठ घासतात. विचारा चाळीत."

राजेंद्रने डोळे मिटले. न्यायाधीशांनी हळूच विचारलं, "दर रविवारी, आजी? दोघं मिळून?"

आता तिला कळलं. नाही म्हणायला वेळ होता. पण चारचौघांत शब्द फिरवणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

"दोघं मिळून," ती म्हणाली. "मीच बोलावते."

अर्ज फेटाळला. पुढे महिनाभरात दोघांचाही जामीन रद्द झाला. जाताना मिलिंद म्हणाला, "आई, तू गप बसली असतीस तर..." आत तरी एकत्र ठेवतील का, तिने वकिलाला विचारलं. एका टोळीचे वेगवेगळेच ठेवतात, तो म्हणाला.

रविवारी भीमरावांनी सवयीने दाराकडे मान वळवली. गयाबाईने पाणी तापवलं, फडका पिळला. तोंड, छाती, पाय, जिथवर हात पोचला तिथवर पुसलं. मग खांद्याखाली हात घालून त्यांना कुशीवर वळवायला गेली. दोनदा गेली. देह हलला नाही. पाठ तशीच राहिली.