समुद्राची ओटी

तुळजा ही माझ्या धाकट्या भावाची, धर्मराजची मुलगी. दहा वर्षांची. वडीगोद्रीच्या शाळेत मी मास्तर; ती माझ्याच वर्गात बसायची. मागच्या साली मोठ्या तापातून उठली, ती मुकी होऊनच. ऐकू सगळे यायचे, ओठही हलायचे, पण आवाज उमटत नसे. अंबडच्या वैद्याने सांगितले, "दर्याची हवा द्या." म्हणून श्रावणात निंदणी उरकल्यावर धर्मराज, त्याची बायको द्वारकाबाई, तुळजा आणि मी असे चौघे चार दिवसांसाठी कोकणात गेलो. त्या दिवसांत तिकडे कोणी जात नाही. किनाऱ्यावरच्या एका घरात सोनूबाई नावाच्या म्हातारीने आम्हाला खोली दिली. बाकीच्या खोल्यांना कुलपे होती.

भरती-ओहोटीचा धडा मी कितीतरी वर्षे शिकवला होता. समुद्र मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तो धड्यात होता त्यापेक्षा फार जवळ वाटला.

द्वारकाबाईने पाणी पाहिले आणि शहागडला गोदावरीवर ती जे करते तेच केले. हिरव्या खणात नारळ, मूठभर तांदूळ आणि सुपारी बांधली, हळदकुंकू लावले आणि लाटेत सोडले. "माय, माझ्या लेकीचा आवाज दे."

सोनूबाई मागे उभी होती. "कुणाची ओटी भरलीत?"

"दर्याची."

"अगो बाई! तो काय बाईमाणूस आहे? परवा पुनवेला आम्ही त्याला नारळ दिला. खण कुणी देत नाही."

"पाणी म्हनल्यावर मायच की," द्वारकाबाई हसली. "खण न्हाई आवडला तर मुंडासं बांध म्हनावं त्याचं."

धर्मराजही हसला. सोनूबाई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुळजा ओल्या रेतीवर मांडी घालून बसली होती. पाणी चढत होते. एक लाट बाकीच्या लाटांच्या पुढे आली, तिच्या मांडीपर्यंत चढली आणि मागे सरली. परकराच्या ओच्यात तो हिरवा खण होता. मी गाठ सोडून पाहिली. तांदूळ कोरडे होते. कुंकू पसरलेले नव्हते.

"लाटेनं परत दिलं, दुसरं काय," मी म्हणालो.

सोनूबाई धावत आली होती. "गुरुजी, परत द्यायचं तर तो रेतीवर टाकतो. यानं पोरीची ओटी भरली." मग तिने आवाज खाली आणला. "पोरीची ओटी कोण भरतं?"

मुलगी पसंत पडली की सासरची माणसे ओटी भरून जातात. आम्हाला ते सांगायला नको होते.

"आत्ताच्या आत्ता पाण्यात सोडा."

धर्मराजने हात पुढे केला. तुळजाने खण छातीशी धरला आणि म्हणाली, "राहू द्या न, बाबा."

दीड वर्षाने आलेला आवाज! द्वारकाबाई रेतीत मटकन बसली आणि रडू लागली. त्यानंतर खण सोडायचे नाव कोण काढणार?

आवाज आला, म्हणून त्याच दुपारी आम्ही निघालो. वाटेत, रेल्वेच्या डब्यात, तुळजा बोलता बोलता मुकी झाली. आम्ही घाबरलो. सहा-एक तासांनी ती पुन्हा बोलू लागली. घरी आल्यावरही तसेच. दिवसातून दोनदा आवाज येई, दोनदा जाई. मी घड्याळ पाहून वेळा टिपत गेलो. रोज दोन घटका, म्हणजे पाऊण तासभर, उशीर होत होता. एवढा हिशेब आमच्या चौथीच्या पोरांनाही येतो: चंद्र रोज दोन घटका उशिरा उगवतो, आणि भरतीही. वडीगोद्रीहून समुद्र शेकडो मैल दूर. मी ती वही धर्मराजला दाखवली. त्याने ती मिटून माझ्या हातात परत दिली.

एका दुपारी द्वारकाबाई तुळजाची वेणी घालत होती. मी ओसरीवर होतो. तुळजा हळूहळू पुटपुटत होती.

"कोनाशी बोलून राह्यली ग?"

"ते विचारून राह्यले."

"ते कोन?"

तुळजाने मान खाली घातली. फणी थांबली. आमच्याकडे बाई नाव न घेता "ते" म्हणते ती एकाच माणसाला.

"काय विचारून राह्यले?" द्वारकाबाईने विचारले.

"न्यायला कधी येऊ म्हनून."

"मंग? तू काय म्हनली?"

"काई न्हाई. आईला विचारून सांगते म्हनलं."

द्वारकाबाईने तिला पोटाशी ओढले. तशीच उठली, पेटीतून खण काढला आणि धर्मराजच्या हातात दिला.

"अवं, आजच निघा. माझी न्हाई द्यायची, असं बराबर सांगा त्याला."

"आवाज जाईल तिचा."

"जाऊ द्या."

त्याच दिवशी तो जालन्याच्या मोटारीत बसला. चौथ्या दिवशी, माझ्या हिशेबाने, सकाळी दहाला आवाज यायचा होता. द्वारकाबाई तुळजाला समोर घेऊन बसली. दहा वाजले, अकरा वाजले. तुळजाचे ओठ हलत होते. द्वारकाबाई त्या ओठांकडे बघत राहिली, एकदाही नजर न काढता. बारा वाजता उठली आणि तिने लेकीला दुधात भाकर कुस्करून दिली.

तीन दिवसांनी धर्मराज आला. पायही न धुता ओसरीवर बसला.

"दादा, सोनूबाई सोबत होती. चौथ्या दिवशी दहाच्या आधी खण सोडला. नारळ दगडासारखा बुडाला. एकदाही वर न्हाई आला."

आत द्वारकाबाईने ऐकले. त्यानंतर आमच्या घरात तुळजाला "बोल ना" असे कोणीही म्हटले नाही.