पालखी टेकवायला जागा

मुंबईकराचं एक आहे, तो काही टाकत नाही. विरारच्या घरात नवा सोफा आला की जुना 'गावाला ठेवू' म्हणतो. गाव म्हणजे काय, तर ज्या घरात कोणीतरी एकटं राहतंय ते घर. आंब्याचा टेम्पो वाशीला पेट्या उतरवून रिकामाच परततो, त्यामुळे भाडंही फारसं पडत नाही. पालीच्या आत आमची वाडी आहे. तिथल्या निम्म्या घरांत माणसं कमी आणि शोकेस जास्त.

हौसाकाकीचं घर त्यातलंच. नवरा वारला, मूल झालं नाही. घर तिच्या आणि विरारला राहणाऱ्या धाकट्या दिराच्या, महिपतच्या नावावर. महिपत माणूस वाईट नाही. वहिनीच्या औषधांचं बघतो, दर रविवारी फोन करतो. आणि टेम्पो पाठवतो. पहिल्यांदा फ्रिज आला, त्यात काकीने तांदूळ ठेवले. मग व्यायामाची सायकल आली, तिच्यावर पंचे वाळू लागले. दिराने मायेने पाठवलंय, नाही कसं म्हणायचं?

पण गेल्या वर्षी मे महिन्यात डबल बेड, सोफा आणि काचेचं कपाट एकदमच आलं आणि पडवी भरली.

काकीचं पडवीशी काय होतं ते सांगायला हवं. दिवसभर राबून उन्हं कलली की ती पडवीच्या टोकाला खांबाला पाठ लावून बसायची. समोर खाचरं, पलीकडे पऱ्याचं वाहतं पाणी. वाती वळायची नाही, तांदूळ निवडायची नाही. "काय करतेस गो?" विचारलं तर म्हणायची, "काय नाय. बसलंय." त्या बसण्यात ती इतकी सुखी दिसायची की मला राग यायचा. माझी बाग तिच्यापेक्षा मोठी, घर स्लॅबचं, आणि मला एका जागी धड बसवत नाही.

नेमकं त्याच खांबापाशी काचेचं कपाट उभं राहिलं.

तिने सोफ्यावर बसून बघितलं. रेक्झिनने पाठ घामेजायची आणि समोर काचेत स्वतःचंच तोंड दिसायचं. काही दिवस ती घरात अंग चोरून वावरली. जेवण तुटलं. "जीव रमत नाय," म्हणाली. मग एका सकाळी तिने रिकामा गोठा झाडला, भुई सारवली, चटई आणि तांब्या नेला आणि तिथेच राहायला लागली. संध्याकाळी गोठ्याच्या दारात बसायची. चेहरा पुन्हा पूर्वीसारखा झाला.

वाडीला तेवढंच पाहिजे होतं. 'दिराने वयनीला गोठ्यात घातली' ही बातमी विरारला पोचायला कितीसा वेळ लागतो? महिपत शिमग्याला आला तो तणतणतच.

"वयनी, हे काय मांडलंत तुम्ही? लोकं माज्या तोंडात शेण घालतायत! एवढा पलंग दिलाय, त्याच्यावर झोपायला काय होतं?"

"पलंगच झोपलाय घरात," काकी म्हणाली. "मी कुठं झोपू?"

महिपत आणखी भडकला. "पालखी यायच्या आत घरात या. नायतर मी परत या दारात पाय ठेवायचा नाय." काकीचे डोळे भरले. दीर तुटला तर तिला दुसरं कोण होतं?

दुपारी पालखी आली. शिमग्यात आमची देवी घरोघर येते आणि पडवीत पाटावर टेकते, हे महिपतला लहानपणापासून ठाऊक. पण टेम्पो भरताना त्याने पलंगाचं माप घेतलं, पालखीचं राहून गेलं. ढोल वाजतोय, पालखी खांद्यांवर, आणि पाट मांडायला हातभर जागा नाही. चौघांनी सोफा ओढला, तो कपाटाला अडला. कपाट ओढलं, ते पलंगाला अडलं.

"महिपत, देवीला उभी किती ठेवायची?" मानकरी भागोजी म्हणाले.

"हिकडं आणा," गोठ्याच्या दारातून काकी म्हणाली. "सारवलंय."

पालखी गोठ्यात ऐसपैस टेकली. भागोजींनी गाऱ्हाणं घालायला घेतलं आणि घरच्यांना विचारलं, काय मागणं आहे? महिपत वहिनीकडे बघायला लागला. काकीने हात जोडले.

"माज्या भावजींनी मायेनं धाडलेलं सामान हाय. ज्याला लागंल त्याच्या घरी जाऊंदे. माजी बसायची जागा तेवडी मला ऱ्हाऊंदे. आनि भावजींचा पाय या दारातनं तुटू नको देऊस."

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी ओरडली. देवीसमोर झालेल्या बोलाला नाही म्हणायची महिपतची काय टाप!

दुसऱ्या दिवशी पडवी मोकळी झाली. काचेचं कपाट आमच्या घरी आलं. तेव्हापासून आमची एक खिडकी उघडत नाही. बायको म्हणते, घराला शोभा आली.

महिपत जायच्या आदल्या संध्याकाळी काकीशेजारी पडवीत बसला होता. मी हाक मारली तर त्याने नुसता हात वर केला.

यंदा मे महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा मी काकीच्या पडवीतच होतो, फोन स्पीकरवर होता. नवीन डायनिंग टेबल येतंय, जुनं अजून चांगलं आहे, असं काहीतरी म्हणत तो मध्येच थांबला.

"टेबल नको," काकी म्हणाली. "तुम्ही या. तुमच्यापुरती जागा हाय."

चार दिवसांनी आंब्याचा टेम्पो वाशीहून परतला. मागे काही नव्हतं. पुढे ड्रायव्हरशेजारी महिपत बसला होता, मांडीवर एक पिशवी घेऊन.