बिनचाकी बॅग आणि कप्तानांची खेप

चाकं नसलेली बॅग तुम्ही शेवटची कधी पाहिलीत, मित्रांनो? आठवत नाही ना? मग मला नीट पाहून घ्या. मी एक जुनी, जाड कॅनव्हासची, कोपऱ्यांना कातडं लावलेली, दोन पितळी बकलांची बॅग आहे. हल्ली माझा मुक्काम कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतो. शेजारी चार चाकांची एक चकचकीत पाहुणी येऊन राहिली आहे. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण अंगावर एक ओरखडा उठला तरी ती तोंड पाडून बसते, एवढं मात्र सांगते. मी ओरखड्यांसाठी रडायला लागले असते तर माझं कसं झालं असतं!

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. पुढे विक्री, मागे शिवणकाम. मला शिवणारा कारागीर मेणाचा दोरा दातांत धरून काम करायचा, त्यामुळे बोलायचा कमी. माझी मूठ मात्र त्याने दुहेरी शिवली. एक तरुण जोडपं दुकानात आलं, तेव्हा त्याने दोरा बाजूला ठेवून विचारलं, "काय काय भरणार हिच्यात?"

"ते अजून ठरलं नाही," नवी नवरी म्हणाली, "पण खूप लांब जाणार आहोत."

ते ऐकून त्याने न सांगता, वरचे पैसे न घेता, मला आतून एक चोरकप्पा लावून दिला. त्या माणसाचे उपकार मी आजही विसरलेली नाही. त्या कप्प्यात पुढे काय काय लपलं, ते सांगतेच.

ती नवरी शाळेत भूगोल शिकवायची. पोरी तिला 'बाई' म्हणायच्या, तेच नाव घरातही चिकटलं. नवऱ्याचा धंदा चष्म्यांचा. त्यांना सगळे नातेवाईक 'कप्तान' म्हणायचे, कारण सहलीला निघाले की ते हात वर करून सगळ्यांच्या पुढे चालायचे. मित्रांनो, खरी गंमत अशी की कप्तानांना साध्या झोपाळ्यावरसुद्धा मळमळायचं.

या दोघांनी मला जग दाखवलं. बर्फातली स्टेशनं, तळ्याकाठची खानावळ, भाषा कळत नाही म्हणून हातवारे करून चहा मागितलेला तो घाट, सगळं मी त्यांच्या हातातून पाहिलं. त्यांची एक रीत होती. एक खेप बाईंची, एक कप्तानांची. ज्याची खेप, त्याने ठिकाण निवडायचं. दुसऱ्याने मुकाट यायचं, कुरकुर करायची नाही. आणि बेत ठरवायच्या दिवशी मला कपाटावरून काढून जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसवायचं. "बॅग बसल्याशिवाय बैठक सुरू होत नाही," असं कप्तान म्हणायचे. घरात इतका मान किती बॅगांना मिळतो, सांगा बरं?

बेत ठरला की रंगीत तालीम. मला गच्च भरून दोघं आपल्याच इमारतीचा जिना चढायचे आणि उतरायचे. जिन्यावर जे जड वाटेल ते घरी राहायचं. त्या जिन्याने कप्तानांची किती जाडजूड पुस्तकं आणि बाईंच्या किती चपला मागे ठेवल्या, विचारू नका. परदेशात कुणी आम्हाला धापा टाकताना पाहिलं नाही ते याच तालमीमुळे.

मग मधली काही वर्षं मी फळीवर जुन्या चादरींखाली पडून होते. आधी बाईंच्या शाळेचं काहीतरी निघालं, मग लेकीचं बाळंतपण आलं. कप्तानांची खेप दोनदा पुढे ढकलली गेली. त्यांना डोंगरातल्या एका लांबलचक पायवाटेने गावोगाव चालत जायचं होतं. तो नकाशा त्यांनी दुकानात भिंतीला लावला होता. मला धुळीने शिंका आल्या असत्या, पण मी वाट पाहत राहिले.

त्या काळात बाईंचे गुडघे गेले. एके दुपारी त्या माझ्याजवळ कपाटाशी उभ्या राहून लेकीशी फोनवर बोलत होत्या, म्हणून मला कळलं. "डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा. पण तुझ्या बाबांना बोलू नकोस हं. दोनदा त्यांची खेप बुडाली, आता तिसऱ्यांदा माझ्या गुडघ्यांनी बुडवायची? आणि एकदा घरात बसलो ना, की बसलोच बघ. गुडघ्याला पट्टा बांधीन आणि चालेन."

म्हणजे बाई दुखणं गिळून डोंगर चढायला निघाल्या होत्या. पण तीस-चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत डोकावलेल्या माणसाला स्वतःची बायको जिना एकेक पायरी करून चढते हे दिसणार नाही का? बैठकीच्या दिवशी मला खुर्चीवर बसवून कप्तान म्हणाले, "या खेपेला बोट."

"बोट?" बाईंच्या हातातला पेला टेबलावर आपटलाच. "अहो, तुम्हीच म्हणायचात ना, बोट म्हणजे तरंगती लॉज! आणि ती पायवाट?"

"पायवाट कुठे पळून जात नाही. माझी खेप आहे. कुरकुर चालणार नाही."

बाईंनी तोंड वळवून पदराने डोळे टिपले. बहुधा सुटकेचे अश्रू असावेत.

मग सहलीच्या कंपनीतल्या मुलीला फोन लावला. ती बिचारी दमली असेल, कारण या दोघांइतकी चोखंदळ गिऱ्हाइकं तिला क्वचितच मिळत असतील. मोठी बोट नको, तिथे जेवायला रांगा. फार छोटी नको, ती हलते. सगळे दिवस समुद्रातच जातील असं नको, पण रोज नवं बंदर म्हणजेही दगदग. बोट सुटायच्या आदल्या दिवशीच त्या शहरात पोचायचं, विमानाला उशीर झाला तरी काळजी नको.

"खोली बाल्कनीची देऊ?" मुलीने विचारलं.

"छे छे, खालच्या मजल्यावर, अगदी मधोमध," कप्तान म्हणाले. "इंजिनाची घरघर ऐकली की मला झोप छान लागते."

खोटं! तळाशी मधोमध बोट सगळ्यात कमी हलते, हे त्यांनी चोरून वाचलं होतं.

"आणि लिफ्टला लागून," बाई घाईने म्हणाल्या. "म्हणजे... माणसांची जाग राहते. आणि जिथे छोट्या होडीत उतरून किनाऱ्याला जावं लागतं, ती बंदरं नकोत. होडीत माझी टोपी उडते."

हेही खोटं! बाईंनी जन्मात टोपी घातलेली नाही.

नशिबाने तशी एक खोली होती. दोघंही खूश. समोरच्याने आपला हट्ट पुरवला असं दोघांनाही वाटलं. मी खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. मित्रांनो, बॅगेला तोंड असतं, पण बोलता येत नाही, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तालमीला बाई आल्या नाहीत. "तुम्हीच जा, मी वरून बघते," म्हणाल्या. कप्तानांनी का म्हणून विचारलं नाही. मग निघायच्या दिवशी माझ्या पोटात दोन गुपितं आली. तळाशी, लोकरी मोज्यात गुंडाळलेला बाईंचा गुडघ्याचा पट्टा. आणि कारागिराने दिलेल्या चोरकप्प्यात कप्तानांच्या मळमळीच्या गोळ्या.

बोटीवर मला एक नवलच कळलं. खोलीत गेल्या गेल्या मला रिकामं केलं आणि पलंगाखाली सरकवलं. रोज भरणं नाही, रोज उचलणं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी हलक्या पोटाने देश पाहिले. पाहिले म्हणजे काय, पलंगाखालून चार पावलं पाहिली! सकाळी बाईंचं पाऊल जपून जमिनीला टेकायचं, मग त्या न्हाणीघरात जाऊन पट्टा बांधायच्या. तेवढ्यात कप्तानांचा हात माझ्या चोरकप्प्यात शिरायचा. दार उघडायच्या आत गोळी गिळून ते शीळ घालत उभे.

पण दिवस सुखाचे गेले. संध्याकाळी परत आली की दोघं पलंगावर बसून बडबडायची, त्यावरून दिवसभराचं मला कळायचं. बाई दिवसभर वर खुर्चीत बसून समोरचं भूशिर कोणतं, बेट कोणतं, ते सांगायच्या, आणि कप्तान क्षितिजावरून नजर हलवायचे नाहीत.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," बाई एकदा म्हणाल्या, "पण भूगोल इतकं लक्ष देऊन तुम्ही आत्ता ऐकताय."

 क्षितिजाकडे बघितलं की मळमळ कमी होते, हे बाईंना कोण सांगणार!

शेवटच्या संध्याकाळी खोली आवरणारा पोऱ्या आला. सदा हसतमुख, म्हणून त्याचं नाव यांनी 'हसरा' ठेवलं होतं. त्याने हातवारे करत समजावलं, की बॅग जेवणानंतर दाराबाहेर ठेवा, ती आम्ही नेऊ, उद्या किनाऱ्यावरच्या हॉलमध्ये मिळेल. सकाळी लागेल ते तेवढं काढून ठेवा.

"बाबा रे, बॅगा भरण्यात आमचे केस पिकलेत," कप्तान छाती काढून म्हणाले. हसरा हसला.

बाई पट्टा सोडून हातात धरून बसल्या होत्या, तेवढ्यात कप्तान वळले. बाईंनी तो पटकन मोज्यात कोंबून माझ्या तळाशी ढकलला. त्यावर कप्तानांनी उत्साहाने सगळे कपडे दाबून बसवले आणि बकलं लावली. गोळ्या चोरकप्प्यातच. आता दोघांनाही मला उघडायचं होतं, पण दुसऱ्यासमोर नाही.

"तुम्ही जा ना, जरा वर वारा खाऊन या," बाई म्हणाल्या.

"तूच जा. मी बॅग बाहेर ठेवतो."

"नको, मी थांबते बॅगेपाशी."

"मग मीपण थांबतो."

असं करत जेवणाची वेळ टळायला आली. शेवटी मला दाराबाहेर ठेवून दोघं नाइलाजाने बरोबरच जेवायला गेली. काहीतरी निमित्त काढून आपण आधी परत यायचं, हा बेत दोघांच्याही मनात होता. पण त्याआधीच गाडा आला आणि मला घेऊन गेला. मी काय करणार! माझी मूठ दुसऱ्याच्या हातात होती.

पहाटे समुद्र खवळला. बोटीच्या तळाशी सामानाच्या खोलीत आम्ही बॅगा एकमेकींवर आदळत होतो. चाकांच्या पोरी तर इकडून तिकडे धावत होत्या. मला माझ्या पितळी बकलांची फिकीर नव्हती. गोळ्या माझ्यापाशी आणि कप्तान वर! पट्टा माझ्यापाशी आणि बोटीतून उतरायचा तो लांब उतार बाईंच्या नशिबी! ज्यांनी मला इतकी वर्षं उचललं, त्यांना आज माझी गरज होती आणि मी तिथे नव्हते. इतकी असहाय मी कधीच झाले नव्हते.

सकाळी मला हॉलमध्ये रांगेत उभं केलं. माणसं आली, आपापल्या बॅगा ओढत निघून गेली. हॉल रिकामा होत आला, आणि मग ती दोघं दिसली. कप्तान पुढे नव्हते, हातही वर नव्हता. चेहरा हिरवट झालेला, पायात खोलीतल्या सपाता, कारण बूटही माझ्यातच भरले गेले होते. बाईंनी त्यांना दंडाला धरलं होतं आणि स्वतःचा सगळा भार त्यांच्या खांद्यावर टाकला होता. कोण कुणाला आणतंय ते कळत नव्हतं.

माझ्यापाशी येताच दोघांनी एकदमच एकेक बकल काढलं. बाईंचा हात तळाशी गेला, कप्तानांचा चोरकप्प्यात. हात वर आले तेव्हा एकात पट्टा होता, एकात गोळ्या. दोघं एकमेकांच्या हातांकडे बघत राहिली.

"अहो! पहाटेपासून म्हणत होतात, जेवण बाधलं म्हणून!"

"आणि तू म्हणत होतीस, पाय मुरगळला म्हणून!"

बाई तिथेच बाकावर बसल्या आणि रडू लागल्या. "गुडघ्यांचं सांगितलं असतं तर तुम्ही सगळंच बंद केलं असतंत. तुमची खेप पुन्हा बुडाली असती."

"अगं वेडे, मला माहीत होतं," कप्तान त्यांच्यासमोर खाली बसले आणि सपात घातलेला एक पाय दुमडून स्वतःच्या हाताने त्यांच्या गुडघ्याला पट्टा बांधू लागले. "मळमळतं म्हटलं असतं तर तू बोट रद्द केली असतीस. मग तुला नेणार कुठे होतो? मला ठिकाण नको होतं गं. तू हवी होतीस."

मग बाईंना हसू फुटलं. "म्हणजे भूगोल ऐकत नव्हतात तर!"

"सगळा ऐकला," कप्तान म्हणाले. "दुसरं करणार काय होतो!"

घरी आल्यावर काही दिवसांनी मला पुन्हा खुर्चीवर बसवलं. या वेळी लेकही आली होती. बाईंनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. "माझी खेप आहे. मी दवाखाना निवडलाय. दोन्ही गुडघे. कुरकुर चालणार नाही."

कप्तानांनी आपली खुर्ची बाईंच्या जवळ ओढली. मग म्हणाले, "खोली कुठली घ्यायची? खिडकीची?"

"लिफ्टला लागून," बाई म्हणाल्या. तिघंही हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

दवाखान्यातही मीच गेले. पट्टा या वेळी सगळ्यात वर ठेवला होता. परत येताना तो नव्हता, बाईंनी तो दवाखान्यातच देऊन टाकला.

आता लेकीने चाकांची पाहुणी आणून दिली आहे. लांबच्या प्रवासाला तीच जाते, आणि ते योग्यच आहे. पण बैठकीला खुर्ची माझीच. मित्रांनो, तुमच्या घरात अशी एखादी जुनी बॅग असेल तर तिला वर्षातून एकदा ऊन दाखवा, बकलांना थेंबभर तेल द्या. आणि सहलीला निघालात तर एक करा. जे दुखतं, ते तळाशी दडपू नका. वरच ठेवा, बरोबरच्या माणसाच्या हाताला लागेल असं. आम्ही बॅगा सगळं सांभाळतो, पण हाक मारू शकत नाही.

थांबा, खाली स्टूल सरकवल्याचा आवाज येतोय. म्हणजे आज बैठक. खेप कप्तानांची, त्या पायवाटेचा नकाशा टेबलावर पसरलेला मला इथून दिसतोय. मला काढायला नेहमी तेच चढतात. पण आज कप्तान खाली उभे राहून "अगं, जपून, जपून!" ओरडताहेत, आणि स्टुलावर चढून माझी मूठ घट्ट धरणारा हात बाईंचा आहे.