पाठवणीतला क्लॅरिनेटवाला

आमच्या पूजाच्या लग्नाची डीव्हीडी पंधरा वर्षांत मी इतक्यांदा पाहिली आहे, की गुरुजी कुठल्या मंगलाष्टकाला खोकतात तेही मला पाठ आहे. पण त्या डीव्हीडीनं घरात एक भांडण लावून दिलं होतं, आणि ते काही केल्या मिटत नव्हतं.

भांडण माझ्या बायकोचं, कुसाबाईचं, आणि तिच्या वणीच्या थोरल्या भावाचं, भिमाजींचं. कुसाबाईचं म्हणणं, पूजाची पाठवणी झाली तेव्हा तिचा सख्खा मामा जागेवर नव्हता. भिमाजी म्हणायचे, मी गाडीच्या मागंच उभा होतो. डीव्हीडीत गाडीच्या मागं एक माणूस दिसतो खरा. डोक्याला गुलाबी फेटा, हातात काहीतरी काळं, लांब. पण त्या दिवशी वऱ्हाडी आणि बॅण्डवाले, सगळ्यांना एकाच रंगाचे फेटे बांधले होते. त्यामुळे कुसाबाईनं त्याला क्लॅरिनेटवाला ठरवून टाकलं. दर भाऊबीजेला भावाला ओवाळून झालं, की ती हमखास म्हणायची, "क्लॅरिनेटवाला तरी शेवटपर्यंत थांबला हो."

गेल्या वर्षी भिमाजी पाटावरून उठलेच. "ज्या दिशी त्या शूटिंगमधी तुला मी दिसंन, त्या दिशी ओवाळ. तवर मी काय यायचा नाय," म्हणाले, आणि खुंटीवरची आपली नेहमीची छत्री काढून वणीच्या बसला गेले.

वर्षभर फोन नाही. दिवाळी तोंडावर आली तशी कुसाबाई करंज्या तळताना उगाच डबे आपटू लागली. तिला भाऊ तर हवा होता, पण माघार घ्यायची नव्हती. मला तिचं फार वाईट वाटत होतं, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

अशात पूजानं आणि जावयांनी, ललितरावांनी, दिवाळीला पंचावन्न इंची टीव्ही पाठवला. एवढ्या मोठ्या पडद्यावर तरी तो माणूस ओळखू येईल म्हणून आम्ही डीव्हीडी लावली. तर अख्खं वऱ्हाड लापशीसारखं पसरलं. नवरीचं नाक कुठं संपतं आणि नथ कुठं सुरू होते, कळेना. ललितरावांनी फोनवर इलाज सांगितला, "बाबा, अपस्केलिंगवाला प्लेअर घ्या. तो जुनं चित्र नव्या टीव्हीच्या मापाचं करून देतो."

आता मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात एकतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढलेला माणूस. आत जेवढा कोळसा जातो, त्याच्या मानानंच बाहेर वीज निघते, हे रोज डोळ्यांनी बघितलेलं. त्यामुळे देवळाली कॅम्पात सलीमभाईंच्या दुकानात मी आधी वादच घातला. "डिस्कमध्ये जे नाहीच, ते टीव्हीवर येणार कुठून?"

"नाहीच येणार, सावळीरामभाऊ," सलीमभाई शांतपणे म्हणाले. आमची ओळख जुनी, ते मला फसवणार नाहीत. "हा प्लेअर नवीन काही आणत नाही. आहे तेच जरा नीट मांडतो. थोडा फरक पडेल, जादू नाही होणार." पुढं त्यांनी वायरीबद्दलही काहीतरी सांगितलं, पण मी तेव्हा माझा दुसरा मुद्दा मांडत होतो.

घरी खोका कुसाबाईनं उघडला. खोकी तीच उघडते, कारण मी ती फाडतो. मी नवा प्लेअर जागेवर ठेवला, टीव्हीच्या मागं लोंबणारी जुनी पिवळी-लाल-पांढरी वायर त्याला जोडली आणि डीव्हीडी लावली. तीच लापशी.

"बघ, मी म्हणालो नव्हतो?" मी म्हणालो. कुसाबाई पदराला हात पुसत आत निघून गेली. आपलं खरं झाल्याचा मला एवढा पस्तावा कधी झाला नव्हता.

भाऊबीजेला सकाळी सलीमभाई आणि हाजरावहिनी नेहमीप्रमाणे फराळाला आले. कुसाबाईनं पाट मांडलेला नव्हता. सलीमभाईंनी चकली तोंडात टाकली, सवयीनं टीव्हीच्या मागं डोकावले आणि चावायचे थांबले.

"भाऊ, ही पिवळी वायर कोणी लावली? मी दुकानात काय सांगितलं होतं? या वायरीतून जुनंच चित्र जातं. खोक्यात एक जाड काळी वायर होती. ती लावली तरच प्लेअर आपलं काम करतो."

"खोक्यात वायर नव्हतीच," मी ठणकावून सांगितलं.

कुसाबाई फराळाचं ताट हातात घेऊन जागीच उभी राहिली. मग तिनं ताट खाली ठेवलं, कमरेची किल्ली काढली आणि आतलं कपाट उघडलं. पैठणीच्या घडीखालून ती वायर निघाली, प्लास्टिकच्या पिशवीसकट. त्याच कपाटात पूजाच्या लग्नात आलेले सहा कप होते, त्यांनी तोवर चहा पाहिलेला नव्हता.

"चांगली होती," ती खालच्या आवाजात म्हणाली. "जुनीवर भागतंय तर नवी कशाला खराब करायची, म्हणून ठेवली."

हाजरावहिनी हसायला लागल्या. "भाभी, माझा डिनर सेट निकाहपासून तसाच आहे."

सलीमभाईंनी वायर जोडली. खरं सांगायचं तर जादू वगैरे काही झाली नाही. चेहरे पुसटच राहिले. पण कडा सावरल्या. नथ नाकापासून वेगळी झाली. गुलाबी डाग होता तिथं फेट्याचे पीळ मोजता येऊ लागले. पाठवणी आली, गाडी आली, गाडीच्या मागचा तो माणूस आला.

"थांबवा," कुसाबाई म्हणाली.

त्या काळ्या लांब वस्तूला वर वाकडी मूठ होती, आणि ती मूठ त्या माणसाच्या कोपरात अडकवलेली होती.

"क्लॅरिनेट कोपराला कोण अडकवतं?" हाजरावहिनी म्हणाल्या.

चित्र पुढं सरकलं. त्या माणसानं फेट्याचा शेमला ओढून डोळ्यांना लावला. पूजानं मान वळवली, तसा तो पटकन गाडीच्या आड झाला. भाचीला आपले डोळे दिसू नयेत म्हणून. पंधरा वर्षं आम्ही ज्याला बॅण्डमध्ये बसवलं, तो एवढंच करत होता.

कुसाबाई रडत होती आणि हसतही होती. तसाच तिनं फोन लावला. "दादा, तू दिसलास. छत्रीसकट दिसलास. चुकलं माझं. ये ना रे."

पलीकडून बसगाड्यांचे आवाज येत होते. "हितंच हाय मी, सीबीएसच्या स्टँडवर. सकाळच्या गाडीनं आलोय. म्हनलं, फोन आला तर यावं, नायतर दुपारच्या गाडीनं माघारी."

अर्ध्या-पाऊण तासात भिमाजी दारात हजर, छत्री कोपराला. कुसाबाईनं ओवाळलं, आणि यंदा ओवाळून झाल्यावर ती काहीच म्हणाली नाही. चहा आला तो कपाटातल्या कपांतून.

मग भिमाजींनी स्वतःला टीव्हीवर पाहायची फर्माईश केली. पडद्याजवळ जाऊन, डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं. "अगं, तोंड तर कुठं दिसतंय? नुसती छत्री दिसती."

"तुला दिसत नसेल," कुसाबाई म्हणाली. "मला दिसतंय."

डिस्कमध्ये ते तोंड नव्हतंच, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी चहा प्यालो आणि गप्प बसलो.