माझ्या गुळगुळीत तारा कापणाऱ्याला

मी एक जुनी बेस गिटार आहे. मित्रांनो, असे म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. एरवी माणसांशी मैत्री मी कधीच सोडली आहे.

माझी मालकीण म्हणजे ताई. बँडमध्ये ती मला वाजवते आणि तिचा धाकटा भाऊ गातो. त्याला सगळे बुलबुल म्हणतात, आणि ते खरे मानणारा तो एकटाच. ताईने मला पहिल्यापासून चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा लावल्या होत्या. त्यांचा आवाज जाड, मऊ, लवकर विरणारा. बुलबुलचा सूर वर चढताना हमखास घसरायचा आणि आम्ही दोघी त्यावर पांघरूण घालायचो. ताईने त्याला हे कधी कळू दिले नाही.

आणि हाच बाबा म्हणायचा, "ताई, तुझी गिटार पेंगते. तिच्यामुळे माझं गाणं उठत नाही."

एकदा मोठ्या हॉलच्या मॅनेजरला वाजवून दाखवायचे होते. बँड पसंत पडला तर कायमचे काम. त्या सकाळी ताई आंघोळीला गेली आणि बुलबुलने पक्कड काढली. ताण सैल न करता त्या मेल्याने माझ्या तारा कटाकट कापल्या. मानेला बसलेला हिसका अजून दुखतो. मग त्याने गोल तारेने गुंडाळलेल्या, चकचकीत, खरखरीत तारा चढवल्या. बोट सरकले की करकर, आणि आवाज पितळी भांडे आदळल्यासारखा. मला माझीच लाज वाटली.

ताई पाहून पांढरी पडली. पण निघायची वेळ झाली होती.

पहिल्या गाण्याला तिने तळहाताची कड तारांवर दाबून धरली आणि माझा आवाज कसाबसा मऊ ठेवला. बुलबुल निभावला. तर हा शहाणा माइकवरच म्हणाला, "ताई, हात काढ ना! मोकळं वाजव की!"

ताईने त्याच्याकडे एकदा पाहिले. मग हात उचलला.

मित्रांनो, मी जीव तोडून वाजले. माझा एकेक सूर लख्ख, आणि त्याच्या शेजारी बुलबुल उघडा पडला. मॅनेजर म्हणाला, "गिटारवाल्या ताई, तुम्ही उद्यापासून या. गायक आम्ही दुसरा बघतो."

"तू मला पाडलंस!" तो दारातच ओरडला.

"इतकी वर्षं सावरत होते रे. आज तूच हात काढ म्हणालास."

नव्या गुळगुळीत तारा ताईने आणून कपाटात ठेवल्या आहेत. "आधी गिटारीची माफी माग, मग चढवते आणि तुझ्या गाण्याच्या साथीला बसते," असे तिने त्याला बजावले आहे. "लाकडाची कसली माफी?" म्हणून तो फुगून बसला आहे. हट्ट त्या दोघांचा, आणि या खरखरीत तारांखाली मानेवरचे धातूचे पडदे झिजतात माझे.

म्हणून सांगते, तारा बदलण्याआधी ताण सोडा आणि वाजवणाऱ्याला विचारा. आणि बुलबुल भेटलाच तर त्याला म्हणावे, मी माफ करणार नाहीच, पण त्याने माफी मागावी तरी.